कातळावरचे रान : जोधपूरच्या राव जोधा डेझर्ट रॉक पार्कचा अभ्यास

विनयपिटकातील महावग्गात वैद्य जीवकाच्या शिक्षणाची हकिकत आली आहे. तक्षशिलेत सात वर्षे अध्ययन झाल्यावर आचार्यांनी त्याची परीक्षा घेतली. कुदळ घेऊन नगराभोवती एक योजनभर फिर आणि औषध नाही अशी वनस्पती दिसली तर ती घेऊन ये, अशी ती परीक्षा होती. जीवक सर्वत्र हिंडून रिकाम्या हातांनी परतला आणि अशी एकही वनस्पती सापडली नाही, असे त्याने सांगितले. त्यावर, तुझे शिक्षण पूर्ण झाले, असे आचार्य म्हणाले. वनस्पतिशास्त्राची याहून चांगली प्रात्यक्षिक परीक्षा आम्हांला ठाऊक नाही. वर्गात फळ्यावर पानांचे आकार काढून दाखविणे सोपे असते. योजनभर चालून प्रत्येक झुडपापाशी थांबणे, त्याचे नाव विचारणे, ते इथेच का उगवले याचा शोध घेणे हे अवघड असते, आणि खरे शिक्षण तेच असते.

या दृष्टीने पाहण्याजोगे एक स्थळ राजस्थानात जोधपूर शहराला अगदी खेटून आहे. मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी सुमारे ७० हेक्टर खडकाळ जमिनीवर राव जोधा डेझर्ट रॉक पार्क हे उद्यान आहे. उद्यान म्हटले की हिरवळ, कारंजी आणि रांगेत लावलेली गुलाबाची रोपे डोळ्यांपुढे येतात. यांपैकी तेथे काहीही नाही. मरुभूमी म्हटले की वाळूच्या टेकड्या आठवतात, त्याही तेथे जवळजवळ नाहीत. आहे तो तपकिरी-जांभळट कातळ, आणि त्याच्या भेगांतून वर आलेली काटेरी, तुटपुंज्या पानांची झाडे. आमच्यासोबतच्या विद्यार्थ्यांनी प्रथमदर्शनी त्यास ‘उजाड’ म्हटले. हाच शब्द आपण आपल्या माळरानांसाठी वापरतो. तो किती अपुरा आहे, हे समजावून घेण्यासाठी हा पाठ लिहीत आहोत.

आरंभ खडकापासून केला पाहिजे. मेहरानगड ज्या टेकडीवर उभा आहे तिचा तळ ज्वालामुखीजन्य आहे. सुमारे ७५ कोटी वर्षांपूर्वी या प्रदेशात ज्वालामुखींचे प्रचंड उद्रेक झाले. त्यांतून बाहेर पडलेला लाव्हा थिजला, तर तप्त राख आपल्याच उष्णतेने एकजीव होऊन घट्ट कातळ बनली. भूगर्भशास्त्रज्ञ या खडकसमूहास मालानी खडकसमूह म्हणतात, आणि त्यातील मुख्य खडकाचे नाव रायोलाइट. पुढे फार मोठ्या कालावधीनंतर त्यावर वालुकाश्माचे थर साचले. जोधपूरच्या इमारतींना जो लालसर, गुलाबी दगड वापरलेला दिसतो तो हाच. या टेकडीवरील एकजीव झालेल्या राखेच्या खडकास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून मान्यता दिली आहे.

आपणही ज्वालामुखीच्याच भूमीवर राहतो. अजिंठा, वेरूळ, कार्ले, भाजे येथील लेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली गेली तो दख्खनचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. मालानीच्या रायोलाइटपुढे तो कालचे बालकच. दोहोंत आणखी एक भेद आहे. बेसाल्ट झिजला की काळी, ओल धरणारी माती देतो. रायोलाइट सहजी झिजत नाही आणि झिजला तरी जाडीभरडी, पाणी न धरणारी माती देतो. त्यात जोधपूरचा पाऊस वर्षाला सरासरी ३५ ते ४० सेंटिमीटर, तोही बहुतेक सगळा जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत. उरलेले नऊ महिने झाडाने काय करावे, हा येथील प्रत्येक वनस्पतीपुढचा प्रश्न आहे आणि प्रत्येकीने त्याचे वेगळे उत्तर शोधले आहे.

थोर हा शब्द आपल्या कानांना परका नाही. या टेकडीवर सर्वांत ठसठशीत दिसतो तो थोरच. त्याचे मांसल, काटेरी खोड पाणी साठविते. पावसात त्यास पाने फुटतात आणि कोरडे दिवस आले की ती गळून जातात. मग हिरवे खोडच अन्न तयार करीत राहते. कैर, म्हणजे आपल्याकडील नेपती, हिने तर पानांचा नादच जवळजवळ सोडला आहे. तिच्या फांद्याच हिरव्या असतात. पान जितके मोठे तितके त्यातून पाणी अधिक उडते, म्हणून पानांवाचून प्रकाशसंश्लेषण करण्याची ही युक्ती आहे. कैरीच्या (आंब्याच्या नव्हे) लाल फुलांनंतर येणाऱ्या फळांचे लोणचे राजस्थानात घरोघर असते. खींप नावाचे झुडूपही असेच काड्याकाड्यांचे, केरसुणी उलटी रोवल्यासारखे दिसणारे. अनेक मांसल वनस्पती पर्णरंध्रे दिवसा बंद ठेवून रात्री उघडतात आणि हवेतील कर्बवायू रात्रीच घेऊन ठेवतात, म्हणजे उन्हात दार उघडावे लागत नाही. कुमटियो हा बाभळीच्या कुळातला लहानसा वृक्ष पानगळ करून मोकळा होतो. उत्तम प्रतीचा डिंक त्याचाच, आणि त्याच्या बिया कैर व सांगरीसोबत तेथील प्रसिद्ध पंचकुटाच्या भाजीत पडतात. गुग्गुळाचे झुडूपही येथे आहे. औषधी राळेसाठी ओरबाडल्यामुळे त्याची गणना आता जगातील अतिसंकटग्रस्त वनस्पतींत होते. जीवकाच्या उत्तरास ही दुःखद पुस्ती जोडावी लागते. औषध नाही अशी वनस्पती नाही हे खरे, परंतु औषध म्हणून ठाऊक होणे हेच काही वनस्पतींच्या मुळावर आले.

कातळाच्या उंच भेगांत सरगूरो दिसला. त्याचे शास्त्रीय नाव मोरिंगा कोंकनेन्सिस, म्हणजे ‘कोकणचा शेवगा’. आपण त्यास रानशेवगा म्हणतो. मारवाडच्या कड्यावर कोकणचे नाव धारण केलेले झाड भेटल्यावर मुलांना जो आनंद झाला, त्याने दिवसभराच्या चालण्याचा शीण गेला.

याशिवाय पावसाळी गवते आणि लहान रोपे आहेत. त्यांचे संपूर्ण आयुष्य काही आठवड्यांचे असते. बी पाऊस येईपर्यंत वाट पाहते, पाऊस पडताच उगवते, फुलते, नवे बी टाकते आणि वाळून जाते. म्हणून या उद्यानाचे खरे वैभव पावसाळ्यात व त्यानंतरच्या काही आठवड्यांत दिसते. थंडीत जाणाऱ्यांस चालणे सुखाचे होते, पण पाहावयास कमी मिळते. उन्हाळ्यात मुलांना नेऊ नये.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. हे रान आज जसे दिसते तसे २००६ पूर्वी नव्हते. त्या वेळी संपूर्ण टेकडी वेड्या बाभळीने व्यापली होती. हिला मारवाडात बावळिया म्हणतात. मूळची ती अमेरिका खंडातील. भारतात ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. जोधपूर संस्थानात महाराजा उम्मेदसिंह यांच्या कारकिर्दीत, १९३० च्या दशकात, तिचा मुद्दाम प्रसार करण्यात आला. विमानातून तिच्या बिया विखुरल्या गेल्या असे सांगितले जाते. हेतू वाईट नव्हता. ओसाड भूमी हिरवी व्हावी, लोकांना सरपण मिळावे, एवढीच इच्छा होती. हिरवे झालेही. परंतु शेळ्या तिच्या गोड शेंगा खातात आणि पाला टाळतात, त्यामुळे बी लेंड्यांवाटे दूरवर पसरते आणि रोप मात्र शाबूत राहते. तोडली तर बुडातून पुन्हा फुटते. तिच्या मुळांची ओढ खोल असते आणि तिच्या पाल्याखाली इतर बियांना रुजणे कठीण जाते. हळूहळू थोर, कुमटियो, कैर मागे सरले आणि टेकडीवर एकच झाड उरले. सोलापूर, धाराशिव आणि मराठवाड्यातील आपल्या वाचकांना ओढ्याकाठचे हे दृश्य नव्याने सांगावयास नको.

मेहरानगड म्युझियम ट्रस्टने २००६ मध्ये ही जमीन पुन्हा तिच्या मूळ वनस्पतींच्या स्वाधीन करण्याचे ठरविले आणि हे काम प्रदीप कृष्ण यांच्याकडे सोपविले. ते पूर्वाश्रमीचे चित्रपट दिग्दर्शक. ‘मॅसी साहिब’ हा त्यांचा चित्रपट. पुढे त्यांना झाडांचे वेड लागले आणि दिल्लीच्या वृक्षांवरील त्यांचा ग्रंथ २००६ मध्येच प्रसिद्ध झाला. त्यांच्यापुढील पहिली अडचण हीच, की वेडी बाभूळ नुसती कापून भागत नव्हते. कातळाच्या भेगेत सुमारे हातभर खोल उतरून मुळाचा तो भाग काढल्याखेरीज ती मरत नव्हती. माती असती तर कुदळीने काम झाले असते. येथे खडक फोडावयाचा होता, तोही शेकडो ठिकाणी, आणि शेजारची भेग न बिघडविता.

हा प्रश्न सुटला तो खंडवालियांमुळे. पिढ्यान्‌पिढ्या जोधपूरच्या खाणींत दगड काढणारे हे कामकरी लोक. ते हातोडीने खडकावर ठोके देतात आणि कान देऊन ऐकतात. आवाजावरून खडक कोठे सलग आहे, कोठे पोकळ आहे, भेग कोणत्या दिशेने गेली आहे हे त्यांना कळते. मग छिन्नी नेमकी त्या रेषेवर बसते आणि मोठा कातळ थोड्या श्रमात उकलतो. त्यांनी एकेक मूळ गाठून बाहेर काढले. जे खड्डे झाले त्यांतच पुढे मूळच्या वनस्पतींची रोपे लावण्यात आली. पाणी आणि माती कोठे साठते हे वेड्या बाभळीच्या मुळांनी आधीच शोधून ठेवले होते, त्याचाच लाभ घेतला गेला. फेब्रुवारी २०११ मध्ये उद्यान लोकांसाठी खुले झाले.

या कामाविषयी बोलताना वनस्पतितज्ज्ञांचे नाव सर्वप्रथम घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु आपल्या विद्यार्थ्यांनी खंडवालियांना मजूर म्हणून नव्हे तर जाणकार म्हणून ओळखावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. जे ज्ञान पुस्तकात नाही, ज्याची पदवी मिळत नाही, जे बापाकडून मुलाकडे ठोक्यांच्या आवाजातून येते, ते ज्ञान नाही असे या देशाने फार काळ मानले. चामडे कमावणे, दोर वळणे, विहीर खोदणे, दगड घडविणे ही सर्व शास्त्रे होती. ती जाणणाऱ्यांना मात्र शिक्षणाचे दार बंद होते. आपल्या पालकांपैकी कित्येकांच्या घरांत असे एखादे शास्त्र दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत जिवंत होते. लेणी कोरणाऱ्या हातांचीही बहुतेक नावे आपल्याला ठाऊक नाहीत. दान देणाऱ्यांची नावे मात्र शिलालेखांत सापडतात.

नावाचाच विषय निघाला तर आणखी एक नाव सांगितले पाहिजे. मेहरानगडाची पायाभरणी राव जोधाने १४५९ मध्ये केली. किल्ला अभेद्य राहावा म्हणून पायात एका जिवंत माणसास पुरण्यात आले, असे परंपरा सांगते. त्या माणसाचे नाव राजाराम मेघवाल. मेघवाल हा राजस्थानातील अस्पृश्य गणला गेलेला समाज. त्याने हे बलिदान स्वेच्छेने दिले, असेही परंपरेत म्हटले जाते. आम्ही विद्यार्थ्यांना ही कथा जशी आहे तशी सांगितली आणि एकच प्रश्न विचारला : ज्या समाजाला विहिरीवर पाणी भरण्याची इच्छाही पुरी करता येत नव्हती, त्याच्या ‘स्वेच्छे’चा अर्थ काय घ्यावयाचा? उत्तरे मुलांनी आपापल्या वहीत लिहिली. ती येथे छापत नाही. परंतु खडकाचा अभ्यास करताना त्याखाली दडलेल्या माणसाचाही अभ्यास व्हावा, म्हणून हे नमूद करीत आहोत.

उद्यानातील पायवाटा रंगांच्या खुणांनी आखलेल्या आहेत. प्रवेश शहराच्या जुन्या तटातील सिंघोडिया पोळीतून होतो. हा सतराव्या शतकातील दरवाजा असून त्यातच माहितीकेंद्र आहे. आत गेल्यावर एक वाट खडकातील जुन्या कालव्यातून जाते. टेकडीवर पडलेले पावसाचे पाणी या कालव्याने राणीसर तलावाकडे जात असे. राणीसर राव जोधाची राणी जसमादे हाडी हिने बांधविला. मरुभूमीत थेंबाथेंबाचा हिशेब कसा ठेवला जाई, हे येथे प्रत्यक्ष पाहावे. मुलांनी कालव्याच्या उताराचा अंदाज घेण्यासाठी बाटलीतले पाणी सांडून पाहिले, तेही पाणी किती सांडावे यावर वाद घालून.

परतीच्या वाटेवर एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटला. भिक्खूंनी हिरवी वनस्पती तोडू नये असा नियम विनयात आहे, तर मग हजारो झाडे मुळासकट उपटून तयार केलेल्या या उद्यानाचे आपण कौतुक कसे करतो?

नियम खरोखरच आहे. पाचित्तियांतील अकरावा नियम वनस्पतींच्या नाशाविषयी आहे. वर्षावासाची प्रथाही अशाच एका तक्रारीतून सुरू झाली. पावसाळ्यात भिक्खू चालताना हिरवी रोपे आणि लहान जीव तुडवितात, अशी लोकांची तक्रार होती. तथागतांनी ती योग्य मानली. मात्र हे नियम भिक्खूंसाठी होते. शेतकऱ्याने निंदणी करू नये असे त्यांनी कोठेही सांगितलेले नाही. उपासकाने जे पाहावयाचे ते कृतीमागील चेतना आणि तिचा परिणाम. वेड्या बाभळीविषयी द्वेष बाळगून ती उपटली असती तर प्रश्न वेगळा असता. येथे एका झाडाने शंभर झाडांची जागा घेतली होती, आणि त्या शंभरांवर जगणारे कीटक, पाखरे, सरडेही त्याबरोबर गेले होते. अमुक असले तर तमुक असते, हा प्रतीत्यसमुत्पादाचा विचार टेकडीवर उभे राहून समजावून घेणे वर्गातल्यापेक्षा सोपे जाते.

तरीही तिचा प्रश्न संपूर्ण मिटत नाही, आणि तो मिटवू नये असे आम्हांस वाटते. कारण वेडी बाभूळ ही गरिबाच्या चुलीचे सरपण आहे. महाराष्ट्रातही तिचा कोळसा पाडून पोट भरणारी कुटुंबे आहेत. किल्ल्याच्या टेकडीवरून ती काढणे योग्य. एखाद्या वस्तीच्या कडेची शेवटची वेडी बाभूळ काढण्यापूर्वी त्या वस्तीला दुसरे काय जळण मिळणार, हे आधी पाहिले पाहिजे. दुसरी सावधगिरी शब्दांची. ‘परदेशी झाड’ हा दोष नव्हे. मिरची, टोमॅटो, बटाटा, सीताफळ ही सर्व अमेरिकेतूनच आली आणि आपल्या ताटात बसली. दोष आहे तो इतरांना जगू न देण्याचा. झाडांच्या अभ्यासातले ‘बाहेरचे’ आणि ‘आतले’ हे शब्द उचलून कोणी माणसांना लावू लागला तर आपल्या विद्यार्थ्यांनी त्यास तेथेच थांबवावे.

जोधपूरपासून सुमारे २५ किलोमीटरवर खेजडली हे गाव आहे. खेजडी म्हणजे आपली शमी, कोणी तिला सौंदडही म्हणतात. १७३० मध्ये राजाची माणसे महालाच्या बांधकामासाठी खेजडीची झाडे तोडावयास आली तेव्हा अमृतादेवी आणि तिच्यामागोमाग बिष्णोई समाजातील माणसे झाडांना कवटाळून उभी राहिली. ३६३ जणांनी प्राण दिले. खेजडीखाली पीक चांगले येते, तिचा पाला जनावरांना आणि शेंगा माणसांना लागतात. ज्यांचे जगणे झाडावर होते त्यांना झाडाची किंमत कोणी शिकवावी लागली नाही. जोधपूरला जाणाऱ्यांनी उद्यानासोबत हे गावही पाहावे.

आता आपल्याकडे. सम्राट अशोकाने आपल्या शिलालेखांत माणसांसाठी व पशूंसाठी उपयुक्त औषधी वनस्पती जेथे नव्हत्या तेथे आणवून लावल्याचे नमूद केले आहे. वृक्षारोपण हा आपला वारसाच आहे. जयंतीच्या, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमांत आपण उत्साहाने रोपे लावतो. मात्र गेल्या काही दशकांत महाराष्ट्रातील माळांवर निलगिरी, सुबाभूळ, गिरिपुष्प हीच झाडे अधिक लागली, कारण ती लवकर वाढतात आणि छायाचित्रात हिरवी दिसतात. गवताळ माळ हा उजाड नसतो. तो गवताचा, माळढोकाचा, चंडोलाचा, लांडग्याचा संसार असतो. तेथे दाट झाडी लावणे म्हणजे कधी कधी तो संसार मोडणे होय. जोधपूरच्या टेकडीवर प्रथम काढावे लागले, मग लावता आले. आपल्या कित्येक माळांवर काहीच न लावणे, केवळ चराई व वणवा आवरणे, हेच पुरेसे ठरेल.

विद्यालयाच्या मागील उतारावर यापुढे काय लावावे, याची यादी आम्ही अजून केलेली नाही. ती मुले करणार आहेत. पाचवी ते सातवीच्या विद्यार्थ्यांनी उतारावर आज काय उगवते याची नोंद पावसाळ्यात, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात अशी तीनदा करावी, आणि आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी खडक, माती व उतार यांचा नकाशा तयार करावा, असे ठरले आहे. माजी विद्यार्थी दरवर्षी रोपे घेऊन येतात, त्यांचे आम्ही ऋणी आहोत. यंदा त्यांना एक वेगळी विनंती आहे. रोपवाटिकेतून रोप विकत आणू नये. आपल्या गावाच्या माळावर, बांधावर, ओढ्याकाठी आपोआप उगवलेल्या झाडाझुडपांच्या पक्व बिया आणाव्यात, मूठभर पुरेत. त्या कागदी पिशवीत ठेवाव्यात, प्लॅस्टिकमध्ये नको, बुरशी येते. पिशवीवर गावाचे नाव, महिना, जमीन कशी होती आणि घरातील वडीलधारी मंडळी त्या झाडाला काय म्हणतात हे लिहावे. आजीला नाव ठाऊक असेल आणि पुस्तकात सापडत नसेल, तर आजीने सांगितलेलेच नाव लिहावे.